मुलींची शाळा: पुणे की बेळगाव?

वहिनी, मुलीच्या पाचवीसाठी पुण्याची हुजूरपागा ही फक्त मुलींची शाळा की बेळगावच्या टिळकवाडीतली मुलामुलींची शाळा, असं विचारलंत.

हुजूरपागा १८८४ ची. रानडे, भांडारकर, मोडक यांनी उभारलेली. फक्त मुलींच्या शाळेत पुढे उभं राहायचं, बोलायचं, नेतृत्व करायचं तर मुलींनीच. हे मूल्य मला फार मोलाचं वाटतं.

खर्चात मात्र बेळगावच बरं. पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, राहण्याजेवणाचा भार वेगळा.

कन्नडचं काय? इथे बेळगावात ती शाळेतच पक्की होते. शिवाय बारावीनंतरच्या इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांसाठी असलेल्या कर्नाटक सीईटी परीक्षेला मुख्य अट सात वर्षं राज्यात शिकल्याची.

पुण्यातच कायमचं जाणार असाल तर हुजूरपागा. इथेच राहायचं असेल तर बेळगाव.