जुन्या पिकअपला नवा स्टेअरिंग बॉक्स : एक आंबा हंगाम आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

जानेवारीत कलमांवर मोहोर धरला होता, तेव्हा आमच्या 2008 च्या पिकअपला नवा स्टेअरिंग बॉक्स, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारा गिअरचा डबा, बसवला. आता नवरात्र आलंय. मधल्या काळात गाडीने देवगडहून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या नेल्या, बंदरावरची बर्फातली मासळी नेली, पावसाळ्यात खताची पोती ओढली. पैसे सत्कारणी लागले. पण जेवढा फरक बॉक्सने पडला तेवढाच बॉक्सच्या आजूबाजूच्या कामाने पडला, आणि गॅरेजमध्ये नेमकं तेच काम घाईत उरकलं जातं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. पुढे सलग अॅक्सल, पाटे आणि पॉवर स्टेअरिंग असलेल्या कुठल्याही जुन्या पिकअपला यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी सरळ रस्त्यावरही हात सारखे डावी-उजवी करत राहायचे. शिरगाव ते नांदगाव तिठा हा वळणांचा पट्टा, तिथे स्टेअरिंग होडीच्या सुकाणूसारखं वागायचं; आता फिरवा, नाक जरा वेळाने वळणार. भरलेली गाडी फोंडा घाटात असताना समोरून एसटी आली की धाकटा भाऊ आधीच डोंगराच्या अंगाला गाडी घेऊन थांबायचा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 98 वा नियम सांगतो की स्टेअरिंगला 30 अंशांपेक्षा जास्त प्ले, म्हणजे चाकं न वळता नुसतंच फिरणं, असता कामा नये. सोळा इंची स्टेअरिंगच्या कडेवर 30 अंश म्हणजे जवळपास साडेदहा सेंटिमीटर. ही शेवटची मर्यादा झाली. घाटात याच्या निम्मा प्लेसुद्धा मला नको वाटतो, आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं ते वेगळंच.

"आधी जॉइंट बघया, बॉक्स खंय पळान जाणा नाय," मेस्त्री म्हणाले, आणि मला ते फार पटलं. गाडी जमिनीवरच ठेवली, हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावले, पुढची चाकं सरळ, इंजिन चालू. भाऊ आत बसून स्टेअरिंग थोडंथोडं हलवत होता आणि आम्ही दोघं खाली टॉर्च घेऊन एकेक जोड बघत होतो. बघायचं काय, तर हालचाल नेमकी कुठे हरवते. कॉलमच्या (स्टेअरिंगखालच्या दांड्याच्या) खालच्या जॉइंटच्या वर शाफ्ट फिरतोय आणि खाली नाही, तर तो जॉइंट गेला. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतोय पण ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर येणारा लोंबता हात) जागचा हलत नाही, तर बॉक्स. ड्रॉप आर्म हलतोय आणि ड्रॅग लिंक (त्याला चाकांशी जोडणारा दांडा) मागे राहतेय, तर तिथला बॉल जॉइंट. आणि एक जागा बहुतेक जण विसरतात: बॉक्सची बॉडीच चेसिसवर हलते का? तिथे बोट टेकवून ठेवलं की डोळ्याला न दिसणारी हालचालसुद्धा हाताला लागते. आमच्याकडे बॉक्स झिजलेला होताच. शिवाय ड्रॅग लिंकचा एक जॉइंट ढिला, आणि बॉक्सच्या एका बोल्टाखाली गंज धरून जागा झालेली. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं चेसिसवर ठिबकतं, त्याचा हा प्रताप. नुसता बॉक्स बदलला असता तर नवा बॉक्सही तिथे डुलतच राहिला असता.

बॉक्सवरचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळून काम भागत नाही का, असं मला अनेकांनी विचारलं. थोडी झीज असेल तर भागतं. या बॉक्समध्ये वर्म, म्हणजे आट्यांचा दांडा, फिरतो, त्याच्या खाचांतून पोलादी गोळ्या घरंगळत नटला पुढेमागे सरकवतात, आणि नटाचे दाते ड्रॉप आर्म ज्यावर बसतो तो सेक्टर शाफ्ट फिरवतात. गाडी जास्तीत जास्त वेळ सरळ चालते, त्यामुळे झीज मधोमध सर्वांत जास्त होते. स्क्रूने फक्त नट आणि सेक्टरच्या दात्यांमधली फट कमी होते. मधली फट जाईपर्यंत तो आवळला की बाजूच्या, न झिजलेल्या दात्यांवर स्टेअरिंग जड होतं आणि वळण घेतल्यावर आपोआप सरळ येत नाही. घाटात हे ढिल्या स्टेअरिंगपेक्षा वाईट. वर्मच्या खाचा आणि बेअरिंग झिजले असतील तर स्क्रूचा काही उपयोगच नाही.

पर्याय तीन होते: जुनाच उघडून सील-बेअरिंग बदलणं, भंगारातला बॉक्स घेणं, किंवा नवा. आमच्या वर्मवर गोळ्यांच्या वाटेत खड्डे पडले होते, तेव्हा पहिला पर्याय बाद. भंगारातला बघायला गेलो तिथे 'नवा' म्हणून एक रंग दिलेला बॉक्स पुढे आला. रंग नंबरप्लेटवरूनही फिरवलेला होता आणि ड्रॉप आर्म बसतो त्या स्प्लाइनवर (शाफ्टच्या टोकावरच्या उभ्या दात्यांवर) जुन्या आर्मचे चकचकीत वळ होते. विकत घेण्याआधी स्प्लाइन बघाच, ते खोटं बोलत नाहीत. शेवटी बिलासकट नवा घेतला, रिपेअरच्या अंदाजे अडीचपट पैसे मोजून. जुन्या बॉक्सवरचा पार्ट नंबर, किती फेऱ्यांत लॉक टू लॉक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, जातो आणि पाइपांच्या तोंडांची जागा, हे सगळं जुळवून मगच पैसे दिले.

बसवण्यात पूर्ण दिवस गेला. बोल्टांना आदल्या रात्री गंजाचं तेल मारून ठेवलं होतं. ड्रॉप आर्म पुलरनेच काढायला हवा. नट सैल करून शाफ्टच्या टोकावर घण घालायची पद्धत आपल्याकडे फार आहे, पण तो घाव थेट आतल्या बेअरिंगवर आणि गोळ्यांवर बसतो. गॅस लावला तर सील जळतं. बॉक्सची जागा खरवडून स्वच्छ केली, गंज धरलेलं भोक भरून पुन्हा पाडलं आणि बोल्ट सगळे नवे, हाय टेन्साइल घातले.

मग सेंटर. नवा बॉक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेऱ्या मोजायच्या आणि बरोबर निम्म्यावर आणून ठेवायचा. त्या ठिकाणी दाते मुद्दाम घट्ट ठेवलेले असतात, आणि गाडी सरळ चालताना तीच जागा वापरात असली पाहिजे. एवढं करून स्टेअरिंग वाकडं दिसलं तर ड्रॅग लिंकची लांबी बदलून सरळ करायचं. नुसतं स्टेअरिंग काढून दुसऱ्या स्प्लाइनवर बसवलं तर दिसायला सरळ होतं, पण आतला बॉक्स मधोमध राहत नाही.

जुनं तेल काळं आणि चमचमणारं निघालं. ती चमक म्हणजे लोखंडाची भुकटी. ती नव्या बॉक्समध्ये जाऊ नये म्हणून टाकी, पाइप आणि पंप धुऊन काढले, फिल्टर बदलला आणि मॅन्युअलमध्ये दिलंय तेच तेल भरलं. हवा काढताना पुढची चाकं जॅकवर उचलली. आधी इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग हळूहळू दोन्ही टोकांना फिरवलं, मग इंजिन चालू करून तसंच. टाकीत फेस येईनासा झाला तेव्हाच मेस्त्रींनी गाडी खाली घेतली. त्यानंतर अलाइनमेंट.

पहिल्या दिवसापासून हात शांत झाले. एप्रिल-मेमध्ये दाजीपूर-राधानगरीमार्गे रात्रीच्या खेपा केल्या तेव्हा खरी पारख झाली. घाटात वळणाची रेघ एकदा धरली की गाडी ती सोडत नाही, आणि आता भाऊ कोल्हापुरात पोचल्यावर खांदे चोळत बसत नाही. पुढच्या टायरांची कड खात होती तीही थांबली. अर्थात याचं श्रेय मी अलाइनमेंटला आणि ड्रॅग लिंकच्या जॉइंटला जास्त देईन. पाचशेएक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासले, तेव्हा दोन किंचित घेत होते. हे चुकवू नका.

कमी म्हणाल तर, स्टेअरिंग आधीपेक्षा थोडं जड लागतं. आणि शेवटच्या टोकाला नेलं की पंप कण्हतो, पण तिथे चारपाच सेकंदांवर धरून ठेवायचं नसतंच. पावसाळ्यात मला काळजी होती ती सेक्टर शाफ्टच्या खालच्या सीलची. चिखल आणि खारं पाणी आधी तिथेच घुसतं. मासळीची खेप झाली की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुणं आणि महिन्याला सीलच्या कडेवर ग्रीसचा थर, एवढं पाळलं. सील अजून कोरडं आहे, टाकीतली तेलाची पातळीही उतरलेली नाही.

एक गोष्ट उरलीय. हायवेला साठच्या वर गाडी किंचित डावीकडे ओढते. अलाइनमेंट पुन्हा बघितली, ती बरोबर आहे. पुढच्या डाव्या पाट्याचे बुश बसलेत, असं मेस्त्री म्हणतात. पिन आणि बुश आणून ठेवलेत, भात कापणी झाली की बसवून घेणार.