टीमक्स: कोकणातनं रिमोट काम करणाऱ्यांसाठी, टीमक्सच्या आतल्या टीमक्ससकट

गुहागरात बसून क्लायंटच्या सर्व्हरवर काम करायचं म्हणजे पावसाळ्यात लाईट कधी जाईल आणि रेंज कधी मरेल काही नेम नाही, आणि नेमका तेव्हाच डेटाबेसचा बॅकअप चालू असतो. टीमक्स (tmux), म्हणजे टर्मिनलमधलं काम आपण नसतानाही चालू ठेवणारा प्रोग्रॅम, ह्याच्यासाठीच. २००७ पासून आहे, फुकट आहे, नेट तुटलं तरी सर्व्हरवरचं सेशन (उघडलेलं काम) चालूच राहतं, परत लॉगिन करून अटॅच केलं की काम होतं तिथनं पुढे. एवढ्यासाठी पाचपैकी पाच देतो.

डोकं फिरतं ते टीमक्सच्या आत टीमक्स उघडलं की. लॅपटॉपवर एक, जंप सर्व्हरवर (ज्याच्यातनं आत शिरायचं तो मधला सर्व्हर) दुसरं, तिथनं प्रॉडक्शनवर (क्लायंटचं खरं काम चालतं त्या मशीनवर) तिसरं, आणि सगळ्यांची प्रीफिक्स (टीमक्सला हुकूम देण्याआधी दाबायची की) कंट्रोल-बी, त्यामुळे ती आधी बाहेरचाच पकडतो, दुसऱ्याला पोचवायची तर दोनदा दाबा, तिसऱ्याला चारदा! पेन (स्क्रीनचा एक तुकडा) बंद करताना "करू का" विचारतो खरं, पण कोण विचारतोय ते स्टेटसची पट्टी बघून आपणच ओळखायचं (सगळ्यात खालची पट्टी सगळ्यात बाहेरच्याची). एकाच मशीनवर सेशनमध्ये सेशन उघडायला गेलात तर टीमक्स अडवतो, पण ते त्या मशीनवरचं टीमक्स नावाचं व्हेरिएबल बघून, आणि एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचा प्रोग्रॅम) ते पलीकडे नेत नाही, म्हणजे जिथे खरी भीती तिथेच हा गप्प.

माझं मत विचाराल तर लॅपटॉपवर टीमक्स चालवूच नका, टर्मिनलचे टॅब पुरतात. अगदीच हवं तर बाहेरच्याची प्रीफिक्स कंट्रोल-ए करा, फक्त मग बॅशमध्ये (कमांड टाईप करतो ते शेल) ओळीच्या सुरुवातीला जायला तीच दोनदा दाबावी लागते, तेवढं चालवून घ्या. प्रॉडक्शनची पट्टी लालभडक करा आणि तिच्यावर होस्टनेम (मशीनचं नाव) ठेवा, हे मात्र टाळू नका. आणि सर्व्हर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) असेल तर मॉली-गार्ड नावाचं पॅकेज टाकून घ्या, एसएसएचवरनं रीबूट मारलं की आधी मशीनचं नाव टाईप करायला लावतो.

नेट जाऊन स्क्रीन गोठली तर टर्मिनल बंद करायची गरज नाही, एंटर, टिल्ड (~), डॉट दाबलं की एसएसएच सुटतं. एसएसएचच्या आत एसएसएच असेल आणि फक्त आतलंच सोडायचं असेल तर टिल्ड दोनदा, मग डॉट.

एसएसएचच्या जागी वापरायचा मॉश पण बघा, रेंज येत-जात असली तरी टिकून राहतं, पण त्याला यूडीपीचे (नेटवरनं डेटा पाठवायची एक पद्धत) ६०००० ते ६१००० मधले पोर्ट लागतात आणि क्लायंटची आयटीवाली मंडळी ते उघडून देतील ह्या भरवशावर राहू नका.