केनियाच्या खेड्यातले चार आठवडे : एप्रिलची बॅच घेऊ नका

मुंबईच्या पश्चिम उपनगरातली एक संस्था पश्चिम केनियात, किसुमूच्या आसपासच्या खेड्यांत, चार आठवड्यांसाठी स्वयंसेवक पाठवते. विमानाचं तिकीट, गावातल्या घरी राहणं-जेवण आणि प्राथमिक शाळेत 'शिकवणं' असं पॅकेज आहे. राहायची सोय चांगली, गावातला समन्वयक त्याहून चांगला, मुंबईतली तयारी मात्र अर्धीकच्ची. पाचपैकी तीन तारे, तेही कुठल्या महिन्यात जाताय ते बघून.

कारण सगळ्यात जोरात खपते ती एप्रिलची बॅच. आपल्या परीक्षा संपतात, कॉलेजं बंद होतात, हिशेब सरळ. पण केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, टर्म तीन असतात आणि एप्रिलमध्ये तिथेही सुट्टी असते. ऑगस्टमध्येही तेच. त्यात मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस. कच्च्या रस्त्यावर बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, चाकाच्या आऱ्यांपर्यंत रुतते. शाळेला कुलूप असलं तरी मुलं रिकामी नसतात. मक्याच्या खुरपणीचा हंगाम असतो, सकाळी सगळी शेतात. त्यामुळे एप्रिलला जाणारा माणूस बहुधा व्हरांड्यात बसून राहतो. जून किंवा सप्टेंबर मागून घ्या, संस्था कुरकुर करते पण देते.

तयारीच्या बैठकीत पिवळ्या तापाची लस सांगतात, तारीख सांगत नाहीत. सर्टिफिकेट लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतं, आणि मुंबईत ती सहारच्या एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन किंवा पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनसारख्या ठरावीक केंद्रांवरच मिळते. महिनाभर आधी नंबर लावा. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टर. सर्टिफिकेट नसेल तर खरी अडचण परतताना, मुंबईत उतरल्यावर होते: सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. 2016 पासून हे सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, तेव्हा कागद जपून ठेवा.

मलेरियाच्या बाबतीत 'महिन्याच्या गोळ्या घ्या' असं सांगणं चूकच. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिली तर निघण्याआधी 2 दिवस, तिथे 28 आणि परत आल्यावर आणखी 28, अशा 58 गोळ्या होतात. घरी आल्यावर बरं वाटतं म्हणून लोक शेवटच्या 28 सोडतात आणि नेमका तेव्हाच ताप येतो. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. हिच्यामुळे ऊनही लवकर बाधतं, टोपी विसरू नका. व्हिक्टोरिया सरोवरात मात्र पाय घालू नका, त्या पाण्यात बिल्हार्झियाचा जंत असतो.

आणखी एक गफलत. पर्यटकाच्या ई-टीएवर, म्हणजे निघण्याआधी ऑनलाइन काढायच्या प्रवेश-परवानगीवर, काम चालतं असं इथे बिनधास्त सांगतात. बिनपगारी असलं तरी ते कामच, त्याला वेगळा परवाना लागतो. तो कोण काढणार हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नका, केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून त्यांवर कडक बंदी आहे. आपला गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही, चौकोनी तीन पिनांचा ॲडाप्टर न्या.

आता जे चांगलं आहे ते. पहाट झाली की हापशावर पिवळ्या जेरीकॅनची रांग लागते. ही खाद्यतेलाची रिकामी कॅन, झाकण हरवलं की तोंडात मक्याचं बुरकुंड कोंबलेलं. मोठा कॅन 20 लिटरचा, म्हणजे भरल्यावर 20 किलो. सात-आठ वर्षांची मुलं 5 लिटरचा नेतात, दहा-बारा वर्षांच्या मुली मोठा उचलतात. कापडाची चुंबळ आपल्यासारखीच. कॅन डोक्यावर चढवताना दुसरीचा हात लागतो, म्हणून मुली जोडीनं येतात. पाण्यावरून उशीर झाला की शाळेत बोलणी, हे रोजचं. हजेरीपट बघून 'मुलं अनियमित' असा शेरा मारण्याआधी सकाळी एकदा रांगेत उभं राहा.

वेळेचाही घोळ होतो. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा म्बिली' म्हणजे दोन नव्हे, सकाळचे आठ. सांगितलेल्या आकड्यात सहा मिळवा. भाषा मात्र आपल्याला परकी वाटत नाही: दुका म्हणजे दुकान, एंबे म्हणजे आंबा, गारी म्हणजे गाडी, हेसाबू म्हणजे हिशेब. घरात बोली बहुतेक लुओ असते, ती बैठकीत कुणी उच्चारतही नाही.

जेवण उगालीचं. आधणाला खळखळून उकळी आली की मक्याचं पीठ मूठमूठ टाकत म्विकोनं, म्हणजे चपट्या लाकडी डावानं, दाबून घोटायचं, आपल्या उकडीपेक्षा घट्ट. सगळं पीठ एकदम ओतलं तर गुठळ्या, लवकर उतरवली तर कच्च्या पिठाचा वास. सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी. शाकाहारींचं नीट निभतं, शाळेत दुपारी मका आणि घेवड्याची गिथेरी असते. फक्त सरोवराकाठी ओमेना, म्हणजे सुकवलेली बारीक मासळी, बऱ्याच घरांत शिजते. शाकाहारी असाल तर समन्वयकाला आधी सांगा, तो तसं घर शोधून देतो.

शिकवण्याबद्दल फार अपेक्षा नकोत. चार आठवड्यांत वर्ग हातात घेऊन सोडणं मुलांवर अन्याय आहे. तिथल्या शिक्षकाच्या हाताखाली वाचनाचा गट घेणं जमतं. पॅकेजमध्ये 'बालगृह' हा दुसरा पर्यायही आहे, तो घेऊ नका. केनियानं 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवली. तिथल्या बऱ्याच मुलांना आई-वडील किंवा नातेवाईक असतात, आणि दर महिन्याला नवीन ताई-दादा येऊन लळा लावून जातात. वह्या, खडू, पेन्सिली न्यायच्या तर मुख्याध्यापकांच्या हातात द्या. वर्गात उभं राहून चॉकलेटं वाटलीत तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गाची मुलंही खिडकीशी उभी असतात.