लेझरने वेफर सोडवून देणारी सेवा: घ्यावी, पण गडद डागाचं आधी विचारावं

आमचं काम सिलिकॉन कार्बाइडचे स्फटिक वाढवायचं. २००० अंश सेल्सिअसच्या वरच्या भट्टीत हा स्फटिक तासाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. इतक्या सायासाने झालेला इंगट, म्हणजे स्फटिकाचा ठोकळा, वायर सॉवर (तारेच्या करवतीवर) चढवला की ३५० मायक्रॉनच्या एका वेफरमागे, म्हणजे चिपसाठी कापलेल्या पातळ चकतीमागे, जवळपास २०० मायक्रॉन माल भुसा होऊन जातो. ते बघवत नाही. म्हणून यंदा काही इंगट लेझरने कापून देणाऱ्या एका कंपनीकडे दिले.

जपानच्या डिस्को कंपनीने २०१६ मध्ये ‘काब्रा’ नावाने जी पद्धत आणली, तत्त्व तेच. इन्फ्रारेड प्रकाशाला हा स्फटिक एरवी पारदर्शक असतो. पण किरण आत ठरावीक खोलीवर एकवटला की तेवढ्याच जागी सिलिकॉन आणि कार्बन फुटून वेगळे होतात. तो काळा थर पुढचा प्रकाश शोषतो, त्याच्या बाजूंनी आडव्या भेगा पसरतात आणि वेफर त्या थरापाशी सुटतो.

सुटलेला वेफर हातात घेऊन मी बराच वेळ तिरपा धरून पाहत होतो. तारेचे ओरखडे अजिबात नाहीत, बारीक पायऱ्या मात्र आहेत. त्या राहणारच, कारण आमचे वेफर ४ अंश कलते असतात आणि भेग स्फटिकाच्या मूळ प्रतलातूनच धावते. लेझरच्या दोन रेघांमधलं अंतर वाढवलं की पायऱ्या उंच होतात आणि वाचलेला माल ग्राइंडिंगमध्ये जातो. शिवाय प्रत्येक वेफरनंतर इंगटचा माथाही घासून गुळगुळीत करावा लागतो, नाहीतर पुढचा किरण आत नीट शिरत नाही. ‘कर्फ शून्य’, म्हणजे कापताना काहीच माल वाया जात नाही, ही जाहिरात म्हणूनच मला पटत नाही. ग्राइंडिंग धरून एकूण किती गेलं, तेच विचारा. आमच्या इंगटमध्ये ते धरूनही वायर सॉपेक्षा स्पष्टपणे जास्त वेफर निघाले.

तक्रार एकच, पण मोठी. इंगटमध्ये फॅसेटचा, म्हणजे स्फटिक वाढताना सपाट राहिलेल्या भागाचा, गडद डाग असतो. तिथे नायट्रोजन जास्त, त्यामुळे प्रकाश वाटेतच शोषला जातो. या कंपनीने सगळीकडे एकाच ऊर्जेने लेझर फिरवला, डागाखाली थर अर्धवट बनला आणि तिथे ओढून सोडवताना एका वेफरला तडा गेला. डागापुरती ऊर्जा वाढवता येते, ते त्यांना माहीतही होतं. आम्ही डाग आखून दिल्यावर तसं केलं. हे पहिल्या खेपेलाच व्हायला हवं होतं.

साध्या सिलिकॉनसाठी हा खटाटोप मी करणार नाही. तिथे वायर सॉ पुरेशी आहे. सिलिकॉन कार्बाइडचे पुढचे इंगट यांच्याकडेच जातील, सोबत डागाचा नकाशा देऊन.