३१५ बोरची रायफल, गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या पावसाळ्यासकट वापरून

३१५ घ्यायचा विचार असेल तर रायफल बघण्याआधी दुकानदाराला विचारा, या बोरची, म्हणजे नळीच्या या मापाची, काडतुसं शेवटची कधी आली होती. उत्तर देताना तो छताकडे बघू लागला तर पुढचं बोलणं वाचतं.

मला निवड करायची वेळ आली नाही. रायफल बाबांची. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं, की हयातीतच ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. बाबा दोन्ही अटींत बसत होते. भावंडांची संमती, पोलिस पडताळणी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, असं सगळं होऊन रायफल माझ्या नावावर आली. सोबत बाबांची जुनी एकनळी बारा बोरही आली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणजे माझा कोटा भरला.

आता या काडतुसाची कुंडली. मूळ ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्कराचं, ८ x ५० मिलिमीटर मानलिखर, १८९० च्या आसपासचं. ते इथे रुजलं ते कायद्यामुळे. ब्रिटिश अमलात सैन्याचं ३०३ काडतूस सामान्य लोकांच्या हाती जाऊ नये म्हणून खासगी बंदुकांना तो बोर वर्ज्य होता. मग विलायती कारखान्यांनी सैन्याच्या रायफलीसारखीच ली पद्धतीची रायफल या परक्या काडतुसासाठी बनवून हिंदुस्थानात विकली. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्याने तोच धागा पुढे चालवला. ३०३ आजही प्रोहिबिटेड, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारा बोर आहे आणि ३१५ एनपीबी, म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड. मोठ्या शिकारी काडतुसांचंही असंच झालं. १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात ४५० बोर बंद केला, तेव्हा लंडनच्या बंदूकवाल्यांनी ४६५, ४७० असे नवे बोर काढले. आपल्याकडे कुठलं काडतूस जगलं नि कुठलं मेलं, हे जनावराच्या कातडीपेक्षा सरकारी राजपत्रावरच जास्त ठरलं आहे.

रायफल म्हणून मला ती आवडते, हे आधीच कबूल करून टाकतो. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, लोण्यासारखा चालतो. ली पद्धतीत बोल्टची दांडी थोडीच उचलावी लागते, त्यामुळे गाल दस्त्यावरून न हलवता दुसरा बार टाकता येतो. ट्रिगर दोन टप्प्यांचा आहे, दुसरा टप्पा सवय झाल्यावर नीट कळतो. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ सोळा ग्रॅम, मऊ नाकाची. वजनदार आणि सावकाश. शंभर मीटरपर्यंत उघड्या साईटवर, म्हणजे दुर्बिणीशिवाय नेम धरून, माझं काम होतं. त्यापुढे गोळी इतकी खाली येते की अंदाजाने वर धरण्यात मला अर्थ वाटत नाही. खांद्याला धक्का बसतो तो ढकलल्यासारखा, टोचत नाही.

नव्या माणसाला त्रास देईल ते मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेला काठ आहे. भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या पुढे बसला पाहिजे. मागे बसला तर बोल्ट दोन्ही काडतुसं एकदम ओढायला बघतो आणि अडकतो. पाचही काडतुसं बोटाने पुढे ढकलत भरायची सवय लावून घ्यावी.

सरावासाठी मी चोर्ला घाट ओलांडून एका रायफल क्लबच्या रेंजवर जातो. त्यासाठी परवान्याचं क्षेत्र गोव्याबाहेर वाढवून घ्यावं लागलं. परवान्यावर फक्त राज्याचं नाव असेल तर घाटमाथ्यावर पोचताच तुमच्या गाडीत बेकायदा शस्त्र असतं, हे पुष्कळ जुन्या परवानाधारकांच्या लक्षात येत नाही.

आणि मग काडतुसं. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षात किती, हे दोन्ही आकडे लिहिलेले असतात. खरी अडचण त्या आकड्यांच्या आधीच सुरू होते, कारण माल सरकारी कारखान्यातूनच येतो आणि त्यांच्या सवडीने येतो. दुकानात खोकी आली की मी एकाच लॉटची घेतो. एका लॉटवर साईट बसवली आणि दुसरा लॉट लावला की शंभर मीटरवर गोळ्यांचा झुपका सरकतो. मोठं जनावर असेल तर काही बिघडत नाही, निशाण्याच्या कागदावर मात्र जीव जळतो.

बाहेरच्या देशांत यावर उपाय आहे: रीलोडिंग, म्हणजे उडालेलं काडतूस घरी पुन्हा भरणं. माझा मावसभाऊ न्यूझीलंडमध्ये असतो, हरणांच्या मागे जातो. त्याच्याकडे २५७ रॉबर्ट्स काडतुसाची रायफल आहे. ७ x ५७ माउझरची मान आवळून तयार झालेलं हे काडतूस रेमिंग्टनने १९३४ मध्ये बाजारात आणलं. आता तिकडच्या दुकानांतही ते क्वचितच दिसतं, पण त्याचं काही अडत नाही. उडालेली केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) धुतो, डायमधून, म्हणजे साच्यातून काढतो, लांबी वाढली असेल तर कापतो, नवा प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टिकली), मोजलेली पावडर, हवी ती गोळी. आमच्या ८ x ५० च्या केसही तिकडचे हौशी लोक रशियन ७.६२ x ५४ च्या केस कापून, दाबून बनवतात. त्यातही ली पद्धतीची खोड सांभाळावी लागते. बोल्टची कुलपं मागच्या बाजूला असल्याने बार होताना रायफलीचा सांगाडा किंचित ताणतो, केसही बुडाजवळ ताणते, आणि चार-सहा वेळा भरली की तिथेच चिरते. म्हणून ते पूर्ण केस न दाबता फक्त मान दाबतात. शिवाय कारखान्याची केस बर्डन पद्धतीची असली तर जुना प्रायमर सुईने मधोमध ठोकून निघत नाही, कारण प्रायमर ज्यावर चिरडून पेटतो ती ऐरण केसमध्येच असते.

हे सगळं मी आवडीने वाचतो आणि वाचूनच थांबतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ती बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळ्यातच धरली आहेत, आणि कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. मावसभावाने 'एक प्रेस (केस दाबायचं यंत्र) पाठवू का' विचारलं तेव्हा त्याला हेच कळवलं. गावात कोणी रिकाम्या केस 'भरून देतो' म्हणाला तर त्याच्या अंगणातही उभं राहू नका. कायद्याचं सोडा, कुठली पावडर किती टाकली हे तो तुम्हाला सांगणार नाही.

पावसाळ्याबद्दल लिहायलाच हवं, कारण सत्तरीत जून ते सप्टेंबर हाच रायफलीचा खरा शत्रू. चामड्याच्या किंवा कापडी कव्हरात ती ठेवायची नाही, कव्हर ओल धरून ठेवतं. माझी लोखंडी कपाटात उघडी उभी असते, नळी खाली करून, म्हणजे तेल दस्त्यात उतरत नाही. सिलिका जेलच्या पुड्या दर काही दिवसांनी तव्यावर गरम करून परत आत. पुढचं लाकूड ओलीने फुगतं आणि नळीला नको तिथे टेकतं, त्यामुळे मे महिन्यात बसवलेली साईट ऑगस्टमध्ये खोटी ठरते. दिवाळीनंतर पुन्हा तपासतो. जुनी काडतुसं लावली असतील तर नळीतून आधी गरम पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल. जुन्या प्रायमरचे क्षार नुसत्या तेलाने निघत नाहीत. निवडणूक लागली की शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. तेव्हा नळीत तेलाऐवजी ग्रीस भरून देतो, कारण परत कधी मिळेल ते मतदानाच्या तारखेवर असतं.

आणि रानडुकरं? कुळागरात, म्हणजे पोफळी-केळीच्या बागायतीत, ती येतात, केळी उलथतात, अळू उकरतात. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबत मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी असेल तरच बंदूक उचलायची. गवा अनुसूची एकमध्ये आहे, शिवाय गोव्याचा राज्यप्राणी. तो बागेत शिरला तर आपण माघार घ्यायची. समजा परवानगी मिळाली, तरी कुळागरासाठी ही रायफल चुकीची आहे असं माझं ठाम मत. पोफळींच्या पलीकडे कोणाचं तरी घर, पायवाट, चरणारी गुरं असतात, आणि ही गोळी किलोमीटरच्या पुढेही माणूस मारू शकते. मागे मातीचा चढ दिसत नसेल तर बार नाही. तिथे बारा बोर बरी, तिची काडतुसंही मिळतात. खरं तर सौर कुंपणाने आमच्याकडे दोन्ही बंदुकांपेक्षा जास्त केळी वाचवली.

तरीही कोणाला जुनी ३१५ मिळत असेल आणि घ्यायचीच असेल, तर नळीत उजेड धरून खड्डे बघा आणि बोल्टवरचा नंबर सांगाड्यावरच्या नंबराशी जुळवून पाहा. नंबर वेगळे असतील तर परवानाधारक कारागिराकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा, मोजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.