ट्रॅव्हलर, सात महिन्यांनंतर: तुकेरा घराण्याचे भाडे

नागपूरच्या मे महिन्यात नियमपुस्तकाचा डिंक सुटला आणि व्यापाराच्या प्रकरणाची पाने सुटी होऊन हातात आली. विक्रेत्याने ‘वापरामुळे झालेले नुकसान’ एवढेच कळवून बदली प्रत नाकारली, तेव्हा बर्डीवर ८० रुपये मोजून स्पायरल करून घेतले. १९७७ सालचा हा खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचा, अंतराळातल्या प्रवासाचा आणि व्यापाराचा भूमिका-खेळ (रोल-प्लेइंग गेम): एक जण खेळ चालवतो, बाकीचे पात्रे रंगवतात. आता थेट तक्रारीकडे वळतो.

मधल्या दर्जाच्या प्रवासाचे भाडे दर उडीला, म्हणजे एका ताऱ्यावरून दुसऱ्याकडे घेतलेल्या झेपेला, ८,००० क्रेडिट (खेळातले चलन) आहे, मग ती उडी १ पार्सेकची (ताऱ्यांमधले अंतर मोजायचे एकक) असो की ४ पार्सेकची. उडीच्या प्रत्येक पार्सेकमागे जहाजाची १० टक्के जागा इंधनाला जाते. म्हणजे ४ पार्सेक उडणाऱ्या जहाजाने ४० टक्के जागा गमवायची आणि भाडे मात्र एका उडीत १ पार्सेकच जाणाऱ्या आमच्या २०० टनी खटाऱ्याइतकेच घ्यायचे. असे असताना सुमारे ११,००० ग्रहांच्या साम्राज्यात प्रवासी आणि माल वाहणाऱ्या तुकेरा लाइन्सच्या मागचे ते उमराव घराणे श्रीमंत झाले कशावर? ज्याचे आयुष्य बँकेच्या कर्जविभागात गेले, त्याला हा ताळेबंद पचणे कठीणच.

पहिले तीन महिने मी या नियमाला खुळचट म्हणत होतो. मग एका रविवारी ४ पार्सेक दूर जाणारे सहा प्रवासी आमच्याकडे चौकशीला आले. आमच्या जहाजाने चार उड्या, चार तिकिटांचे ३२,००० क्रेडिट आणि, दर उडीचा एक आठवडा व मधल्या बंदरांतले मुक्काम धरून, जवळजवळ दोन महिने. शेजारच्या धक्क्यावर तुकेराचे जहाज उभे होते: एक उडी, ८,००० क्रेडिट. सहाही जण तिकडे गेले.

‘‘भाऊजी, त्या घराण्याला तोटा परवडतो, आपल्याला नाही ना,’’ खेळ चालवणारा माझा मेहुणा म्हणाला. आमच्या जहाजाचा हप्ता महिन्याला १,५४,५०० क्रेडिट, आणि असे हप्ते ४८०. प्रतिस्पर्ध्यांना अडवण्यासाठी तुकेरांकडे वेमेने ही सुरक्षा शाखा आहे, परंतु आमच्यासाठी तिला कष्ट घ्यावे लागले नाहीत. भाड्यानेच काम भागले.

नंतरच्या आवृत्तीत भाडे अंतरानुसार वाढते. मेहुणा तसा बदल करायला तयार होता. हिशेब अजूनही चुकीचाच वाटत असताना मीच नको म्हटले. नवी प्रत घेण्याचाही विचार नाही, स्पायरल टिकले आहे.