आर्केड कॅबिनेटच्या कडेला काय लावावं: ग्लो वायर की निऑन फ्लेक्स?

घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमचं उभं खोकं, बनवताना प्लाय कापून झाला, जॉयस्टिक-बटणं बसली, गेम सुरू झाले, की पुढचा प्रश्न कडेच्या उजेडाचा. साधी एलईडी पट्टी मी मोजतच नाही. तिचे ठिपके दिसतात आणि कॅबिनेटचा लग्नमांडव होतो. खरी निवड दोघांत: ग्लो वायर, म्हणजे अंगभर मंद चमकणारी बारीक ईएल वायर, आणि निऑन फ्लेक्स, म्हणजे सिलिकॉनच्या लवचीक नळीत बसवलेले एलईडी.

उजेडात आणि सोयीत निऑन फ्लेक्स पुढे, यात वाद नाही. 12 व्होल्टवर चालतो, त्यामुळे आतल्या एसएमपीएसलाच, म्हणजे कॅबिनेटला वीज देणाऱ्या डबीलाच, जोडता येतो. जळगावात गोलाणी मार्केटला मी ग्लो वायर विचारली, तर समोर निऑनचंच बंडल आलं. मग तोच लावला. दिसायला झकास.

पण जुन्या गेमची पार्श्वभूमी काळी असते. 1980 चा पॅक-मॅन घ्या, 1981 चा गॅलागा घ्या, पडद्यावर निम्म्याहून जास्त काळोखच. त्यापुढे चकचकीत अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक काच. खोलीतला दिवा मालवला की दोन्ही कडांचा निऑन त्या काळ्यावर उभ्या रेघा मारून बसतो. डिमर लावला, रेघ फिकी झाली, गेली नाही. भाचा मान तिरकी करून पॅक-मॅन खेळायचा. म्हणे, "मामा, भूत त्या रेघेमागून येतं, दिसतच नाही." एकदा ती रेघ डोळ्यांत भरली की गेमपेक्षा तीच दिसते. माझं मन तिथेच उडालं.

ग्लो वायर मुळात मंद. तांब्याच्या तारेवर फॉस्फरचा, म्हणजे विजेने चमकणाऱ्या पदार्थाचा, थर, त्यावर केसासारख्या दोन तारा, वरून रंगीत प्लॅस्टिक. कड उठून दिसते, पण अ‍ॅक्रिलिकमध्ये उतरलेली मला तरी जाणवत नाही. मी 2.3 मिलिमीटरची घेतली. सुताराने ट्रिमरने कडेला खाच मारून दिली, तीत ती बोटाने दाबत गेलं की बसते. कोपऱ्यावरही कुरकुर नाही. फ्लेक्स एकाच बाजूला वळतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की डबल टेपवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून खाचेचं मला जास्त पटलं.

ग्लो वायरवरचा नेहमीचा आक्षेप आवाजाचा. तिला साधारण 100 व्होल्टचा, हजार-दोन हजार हर्ट्‌झचा एसी वीजप्रवाह लागतो, आणि तो देणारा छोटा इन्व्हर्टर बारीक सूं-सूं करतो. करतो, खरं आहे. पण जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात खोलीत कूलर घोंघावत असताना तो कोणाला ऐकू आला तर मला कळवा. थंडीत ऐकू येतो. गेमचा आवाज सुरू झाला की विरतो.

कॅबिनेट दुकानात, ट्यूबलाइटखाली ठेवणार असाल तर मात्र निऑनच घ्या. ग्लो वायर तिथे लागली आहे की नाही तेही कळणार नाही. शिवाय फॉस्फर काही हजार तासांत फिका पडत जातो. दिवसभर चालू ठेवणाऱ्याला ती परवडायची नाही. घरी रात्री तास-दोन तास खेळणाऱ्याला, माझ्या मते, फार फरक पडू नये.

घेतलीच तर निळसर-हिरवी घ्या, ती सगळ्यांत उजळ दिसते. इन्व्हर्टर वायरच्या लांबीला जुळणारा बघा, आणि वायर जोडल्याशिवाय तो चालू करू नका, जळू शकतो. कापलेल्या टोकाशी त्या दोन बारीक तारा थोड्या मागे छाटून वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. उघड्या टोकाला बोट लागलं तर झिणझिणी चांगलीच कळते.